ओआहाकाच्या वाटेवरचा रास्ता रोको: मेक्सिकोतल्या एका सांस्कृतिक सहलीचं प्रकरण

हे प्रकरण एका गटसहलीचं आहे. मेक्सिको सिटी, पुएब्ला आणि ओआहाका या तीन शहरांच्या आधाराने प्राचीन अवशेष, स्पॅनिश वसाहतकाळातली शहरं आणि विसाव्या शतकातली चित्रकला पाहायची, असा आठवडाभराचा बेत होता. पुएब्लाहून ओआहाकाला जाताना रस्ता बंद झाला आणि पुढचे दिवस नव्याने बसवावे लागले. कोणाची ओळख पटू नये म्हणून नावं, वर्ष आणि काही खासगी तपशील गाळले आहेत. कोणता निर्णय कोणत्या क्षणी झाला आणि त्या वेळी हातात काय माहिती होती, हे मात्र शक्य तितकं जसंच्या तसं मांडलं आहे.

## पार्श्वभूमी

गटात वीसेक जण होते, सगळे मराठी आणि बहुतेक साठीपुढचे. निवृत्त शिक्षिका, बँकेतले अधिकारी, एक वास्तुविशारद जोडपं. निम्मे शाकाहारी. एका काकांना मधुमेह होता आणि ते इन्सुलिन घेत. सोबत तिशीतली टूर मॅनेजर, मेक्सिको सिटीपासून बरोबर असलेला मेक्सिकन गाइड आणि बसचालक. ओआहाकात तिथला स्थानिक गाइड भेटणार होता.

मेक्सिकोत पुरातत्त्व स्थळांवर गटाला माहिती सांगायची तर संघीय पर्यटन मंत्रालयाचं ओळखपत्र असलेला गाइड लागतो. बाहेरून आलेल्या टूर मॅनेजरने तिथे गाइडचं काम करणं नियमात बसत नाही. त्यामुळे गाइड इंग्रजीत सांगे आणि मॅनेजर बसमध्ये किंवा जेवणाच्या टेबलावर ते मराठीत पुन्हा उलगडून सांगे. पुढे या व्यवस्थेला बरंच महत्त्व आलं, म्हणून ती आधीच नोंदवतो.

आखणी मुळात चांगली होती. आधी मानववंशशास्त्राचं राष्ट्रीय संग्रहालय, मग तेओतिवाकानची प्राचीन नगरी. आधी तेंप्लो मायोर, मग त्याच्या शेजारचं कॅथीड्रल. 1978 च्या फेब्रुवारीत वीज कंपनीचे कामगार खोदत असताना कोयोल्शाउकी या देवतेची प्रचंड कोरीव शिळा हाती लागली आणि अ‍ॅझ्टेकांचं मुख्य मंदिर, म्हणजे तेंप्लो मायोर, शहराच्या पोटातून पुन्हा वर आलं. 1521 साली तेनोच्तित्लान ही त्यांची राजधानी पडल्यावर स्पॅनिश शहर त्याच जागेवर उभं राहिलं. हे दोन थर शंभर पावलांच्या अंतरात दिसतात आणि गटाने ते नीट पाहिले.

मेक्सिको सिटीतला आणखी एक प्रसंग सांगायला हवा. चित्रकार दिएगो रिव्हेराची भित्तिचित्रं पाहायला राष्ट्रीय राजवाड्यात जायचं होतं, पण त्या दिवशी तो पाहुण्यांना बंद होता. गाइडने गटाला तिथून जवळच्या शिक्षण मंत्रालयाच्या जुन्या इमारतीत नेलं. तिथल्या प्रांगणांच्या भिंती रिव्हेराने 1923 ते 1928 या काळात रंगवल्या. त्यातल्या एका चित्रात टेबलाच्या मध्यभागी भाकरी वाटणारा माणूस आहे. ते डॉ. पांडुरंग खानखोजे. वर्ध्याचा गदर क्रांतिकारक पुढे मेक्सिकोत चापिंगोच्या कृषिविद्यालयात शिकवू लागला, मक्याच्या वाणांवर काम करू लागला आणि रिव्हेराच्या भिंतीवर पोहोचला. गटातल्या अनेकांना हे ठाऊक नव्हतं. शिक्षिका काकू त्या चित्रासमोरून हलेनात. राजवाडा हुकल्याची तक्रार त्यानंतर कोणी केली नाही. ठरलेलं ठिकाण बदललं तरी दिवस वाया जात नाही, हा अनुभव गटाला त्या दिवशीच आला होता.

पुएब्लाही छान झालं. 1531 साली वसवलेलं शहर, 1646 साली सुरू झालेलं पालाफोशियाना ग्रंथालय, सांतो दोमिंगोतली सोनेरी नक्षीचं रोझारिओ प्रार्थनादालन. शेजारच्या चोलुलातल्या पिरॅमिडवर चर्च आहे. पिरॅमिड गवताखाली इतका झाकलेला, की दुरून टेकडीवरचं चर्चच वाटतं.

## अडचण

शनिवारी सकाळी आठला बस पुएब्लाहून निघाली. ओआहाकापर्यंत टोलच्या महामार्गाने सुमारे 340 किलोमीटर, साडेचार तासांचा रस्ता. तेवाकान मागे पडल्यावर चालकाच्या फोनवर इतर चालकांचे निरोप येऊ लागले: ओआहाका शहराच्या अलीकडे, हुइत्सोच्या टोलनाक्यावर सकाळपासून रास्ता रोको आहे. एका गावाची पाण्याच्या योजनेची मागणी होती आणि सरकारी प्रतिनिधी येईपर्यंत लोक उठणार नव्हते.

ओआहाका राज्यात हे नवं नाही. शिक्षकांच्या संघटना, गावं, वाहतूकदार, सगळेच मागणी पुढे रेटायला महामार्ग अडवतात. प्रवाशांना इजा करण्याचा हेतू सहसा नसतो. काही ठिकाणी गाडीमागे 50-100 पेसो घेऊन मध्येमध्ये गाड्या सोडतात, काही ठिकाणी कोणालाच सोडत नाहीत. दोन तासांत सुटेल की दुसऱ्या दिवशी, हे तिथे बसलेल्यांनाही सांगता येत नाही.

या अनिश्चिततेत तीन गोष्टी अडकल्या होत्या. शनिवारची दुपार सांतो दोमिंगोच्या जुन्या मठातल्या ओआहाका संस्कृती संग्रहालयासाठी ठेवली होती. मोंते अल्बान या शहराजवळच्या प्राचीन नगरीतल्या सातव्या थडग्यातला ऐवज तिथे आहे. सोमवारी हे संग्रहालय बंद असतं आणि मंगळवारी सकाळी गटाचं विमान होतं. दुसरी गोष्ट काकांचं इन्सुलिन, म्हणजेच वेळेवर जेवण. तिसरी, चालकाचे तास: घाटातून रात्री उशिरापर्यंत गाडी चालवायला तो तयार नव्हता आणि त्याचं बरोबरच होतं.

## समोरचे पर्याय

पेट्रोलपंपावर बस थांबवून मॅनेजर, गाइड आणि चालक असे तिघे बसच्या खाली उतरून बोलले.

चालकाचं म्हणणं पुढे जावं. रांगेत लवकर लागलं तर सुटल्यावर लवकर पोहोचू. अडचण अशी की रांगेत एकदा शिरलेली बस मागे वळत नाही. मागून ट्रक येऊन उभे राहतात, आणि डोंगरातल्या त्या रस्त्यावर ना स्वच्छतागृह ना खाणं.

मागे फिरून मेक्सिको सिटी गाठावी आणि विमानाने ओआहाकाला जावं, हा विचार मॅनेजरने मांडला आणि स्वतःच मागे घेतला. ऐन शनिवारी वीस तिकिटं मिळवायची, तीही परतीचे पाच-सहा तास बसून, म्हणजे दिवस गेलाच.

तेवाकानहून कुइकात्लानच्या दरीतून जाणारा जुना रस्ता आहे. तो वळणावळणाचा आहे, आणि मुख्य म्हणजे तेलिश्तलाउआकाला, हुइत्सोच्या तोंडाशीच येऊन मिळतो. त्यातून काही साधलं नसतं.

चौथा पर्याय गाइडचा. नोचिस्त्लानला महामार्ग सोडायचा. ते बऱ्यापैकी मोठं गाव आहे: जेवण, औषधं, साधी हॉटेलं, सगळं मिळतं. तिथून पंधरा-वीस किलोमीटरवर यान्हुइत्लानचा सोळाव्या शतकातला मठ, डोमिनिकन या कॅथलिक पंथाच्या साधूंचा. तो पाहायचा, आणि संध्याकाळपर्यंत रस्ता सुटला नाही तर मुक्काम नोचिस्त्लानला.

## पहिला निर्णय

मॅनेजरने चौथा पर्याय घेतला. नोचिस्त्लाननंतर ओआहाकापर्यंतच्या 80 किलोमीटरमध्ये मोठी बस बाहेर काढायला सोयीची जागा नाही. म्हणजे निर्णय घ्यायची शेवटची जागा नोचिस्त्लान होती आणि ती ओलांडण्याआधी निर्णय झाला. या प्रकरणात सगळ्यात मोलाचं मला हेच वाटतं.

बसमध्ये तिने जे सांगितलं तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. काय माहीत आहे, काय माहीत नाही आणि किती वाजता पुन्हा सांगेन, एवढंच ती बोलली. चार वाजेपर्यंत बातमी आली नाही तर नोचिस्त्लानच्या खोल्या पक्क्या करणार, आता फक्त सांगून ठेवल्या आहेत. "होईल सगळं ठीक" असं ती एकदाही म्हणाली नाही.

बँकेतून निवृत्त झालेले एक काका वैतागले. "इतके पैसे भरून रस्त्यात बसायचं का आम्ही?"

"काका, रस्त्यात बसायला लागू नये म्हणूनच इथे उतरतोय. तुम्ही आधी जेवून घ्या, मग माझ्याशी भांडा."

जेवणात शाकाहारींचा प्रश्न आलाच. मेक्सिकोत घोटलेला राजमा बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परततात आणि भाताला कोंबडीचं पाणी असतं. ठरलेल्या हॉटेलांना हे आधी कळवलेलं असतं, अचानक गाठलेल्या खाणावळीला नसतं. गाइड थेट स्वयंपाकघरात गेला आणि कोरड्या तव्यावर भाजलेल्या मक्याच्या पोळ्या, चीज, भोपळ्याची फुलं आणि निवडुंगाची भाजी असं जुळवून आणलं. काकांचं जेवण सगळ्यांच्या आधी आलं.

## यान्हुइत्लान

यान्हुइत्लान आज लहानसं गाव आहे. चर्च मात्र एखाद्या राजधानीत शोभेल इतकं मोठं, आणि मिश्तेक या इथल्या मूळ लोकांच्या जुन्या चौथऱ्याच्या उंचवट्यावर बांधलेलं. सोळाव्या शतकात हा मिश्तेका प्रदेश श्रीमंत होता. इथे रेशीम पिकत होतं, आणि निवडुंगावरच्या किड्यांपासून कोचिनियल हा लाल रंग निघत होता. न्यू स्पेनहून, म्हणजे स्पॅनिश सत्तेखालच्या मेक्सिकोतून, बाहेर जाणाऱ्या मालात चांदीच्या खालोखाल किंमत याच रंगाला होती. पुढे मनिलाहून जहाजांनी येणाऱ्या चिनी रेशमापुढे इथलं रेशीम टिकलं नाही. 1540 च्या दशकात इथल्या मिश्तेक सरदारांवर जुन्या देवांची पूजा चालू ठेवल्याबद्दल धर्मन्यायालयाने खटला चालवला होता. गाइडने हे त्या उंच छताखाली उभं राहून सांगितलं, आणि वास्तुविशारद काका-काकू भूकंपासाठी घातलेले बाहेरचे आधारखांब मोजण्यात रमले.

गाइडचं ओळखपत्र संघीय होतं, त्यामुळे ओआहाका राज्यातही तो रीतसर माहिती देऊ शकत होता. तो पुएब्लाहून परत जाणार असता आणि गट एकट्या मॅनेजरसोबत असता, तर हा थांबा फोटो काढण्यापुरता उरला असता.

परतताना त्याने रास्ता रोकोबद्दलही सांगितलं. ओआहाकात 570 पालिका आहेत. त्यांतल्या चारशेहून अधिक ठिकाणी राजकीय पक्षांची निवडणूक न होता गावाच्या परंपरेप्रमाणे, ग्रामसभेतून कारभारी ठरतात. तेकिओ नावाचं श्रमदान प्रत्येकाला करावं लागतं. रस्त्यावर बसायचा निर्णयही बहुधा अशा सभेतच झालेला असतो, आणि सभेने ठरवलं की घरटी माणूस येतो. वैतागलेल्या काकांनी यावर बरेच प्रश्न विचारले. त्यांचा राग गेला असं मी म्हणणार नाही, पण समोर कोण बसलंय हे त्यांना कळलं. अवशेष पाहायला आलेल्या माणसाला त्या अवशेषांच्या वारसांची आजची लढाई दिसणं, हाही सांस्कृतिक सहलीचा भाग आहे असं मी मानतो.

साडेसहाच्या सुमारास रस्ता मोकळा झाला. बस रात्री नऊच्या आत ओआहाकात पोहोचली. नोचिस्त्लानच्या खोल्या लागल्या नाहीत, तरी हॉटेलवाल्याला थोडे पैसे देण्यात आले.

## दुसरा निर्णय

मूळ बेत असा होता: रविवारी त्लाकोलुलाचा आठवडी बाजार आणि मित्लाचे प्राचीन अवशेष, सोमवारी मोंते अल्बान. बाजार आणि मित्ला एकाच दिशेला, शहरापासून अनुक्रमे सुमारे 30 आणि 45 किलोमीटरवर. मोंते अल्बान मुद्दाम सोमवारी, कारण ते रोज उघडं असतं आणि रविवारी मेक्सिकन नागरिकांना अशी स्थळं मोफत असल्याने गर्दी उसळते. हुकलेलं संग्रहालय आता फक्त रविवारीच शक्य होतं.

रात्री जेवताना मॅनेजरने गटाला विचारलं. लगेच दोन बाजू पडल्या. शिक्षिका काकूंना विणकाम आणि बाजार हवा होता: "अगं, दगड काय, उद्याही तिथेच असतील. बाजार आठवड्यातून एकदाच भरतो." बँकवाल्या काकांना सातव्या थडग्यातलं सोनं बघायचं होतं. हात वर करून मोजलं तर जवळपास निम्मे-निम्मे. तेव्हा तिने गट विभागला. स्थानिक गाइड निम्म्यांना घेऊन संग्रहालयात, ती उरलेल्यांना घेऊन बाजारात, आणि दुपारी सगळे मित्लाला एकत्र. त्यासाठी एक जादा व्हॅन घेतली आणि खर्च सहल कंपनीने सोसला.

## परिणाम

दोन्ही गट सकाळी खूश होते. दुपारी गणित चुकलं. संग्रहालय मोठं आहे आणि सांतो दोमिंगोचं चर्च त्याला लागूनच, त्यामुळे ते लोक उशिरा निघाले. बाजारवाले मित्लाच्या दारात उन्हात थांबले, कारण गाइड दुसऱ्या गाडीत होता. मित्लाच्या वाट्याला जेमतेम अर्धा तास आला. चुन्याशिवाय एकमेकांत बसवलेल्या दगडी तुकड्यांची भौमितिक नक्षी धावत बघायची गोष्ट नाही.

खरा तोटा सोमवारी दिसला. मोंते अल्बानला पुरातत्त्वज्ञ अल्फोन्सो कासोंनी 1932 च्या जानेवारीत सातवं थडगं उघडलं. थडगं मुळात झापोतेकांचं, म्हणजे ही नगरी वसवणाऱ्या लोकांचं होतं. शहर ओस पडल्यावर शतकांनी मिश्तेकांनी त्यात आपले मृत पुरले आणि सोबत सोनं, पिरोजा जडवलेली कवटी आणि चित्रलिपीसारखी कोरलेली हाडं ठेवली. स्थानिक गाइड संग्रहालयातल्या वस्तूंचा आधार घेत हे सांगत होता आणि निम्म्या गटाने त्या वस्तू पाहिल्याच नव्हत्या. मॅनेजरने फोनवरची चित्रं दाखवून वेळ मारून नेली.

एका कुटुंबाने मित्लाबद्दल पैसे परत मागितले. कंपनीने प्रवेशशुल्क परत केलं आणि त्यावर वाद झाला नाही. बाकीच्यांच्या अभिप्रायांत सगळ्यात जास्त उल्लेख यान्हुइत्लानचा होता. ते ठिकाण छापील कार्यक्रमात नव्हतं.

## वेगळं काय करता आलं असतं

शनिवारच्या निर्णयाला मी पूर्ण गुण देईन. रविवारचा मात्र वेगळा व्हायला हवा होता.

रात्री जो प्रश्न विचारला गेला तो "बाजार की संग्रहालय" असा होता. मित्ला कार्यक्रमपत्रिकेत ठळक अक्षरात होतं, म्हणून ते धरूनच चाललं गेलं. मित्ला या सहलीत दोन कारणांनी होतं. एक तिथली नक्षी, आणि दुसरं, जुन्या वास्तूच्या दगडांतून तिथेच उभं राहिलेलं चर्च. हे दुसरं गटाने चोलुलात पाहिलं होतं आणि यान्हुइत्लानला आदल्याच दिवशी फार खोलवर पाहिलं होतं. उलट संग्रहालयाचं महत्त्व यान्हुइत्लानमुळे वाढलं होतं. सातव्या थडग्यातलं सोनं ज्या मिश्तेकांचं, त्यांच्याच डोंगरातून गट उतरून आला होता. संग्रहालय उघडताच सगळ्या गटाने तिथे जायचं, दुपारी त्लाकोलुला, आणि मित्ला सोडून द्यायचं. बाजार दुपारनंतरही भरलेला असतो. मग सोमवारी मोंते अल्बानवर सगळे एकाच जागी उभे असते. नक्षी हुकली असती, हे खरं नुकसान आहे आणि ते मी कमी लेखत नाही. पण अर्ध्या तासात ती हुकल्यासारखीच झाली.

हात वर करायला लावणंही मला पटत नाही. आवड विचारावी. पण कोणतं ठिकाण कशाला टेकलेलं आहे हे गाइडला आणि मॅनेजरला दिसतं, आठवडाभर प्रवास करून थकलेल्या माणसाला रात्री साडेनऊला दिसत नाही. तिने यान्हुइत्लानचा धागा समजावून सांगून स्वतःच निर्णय दिला असता, तर शिक्षिका काकूंनीही तो मानला असता असं मला त्यांच्याशी झालेल्या बोलण्यावरून वाटतं.

रास्ता रोकोची शक्यता गटाला निघण्यापूर्वी सांगायला हवी होती. ओआहाकाला रस्त्याने नेणाऱ्या प्रत्येक सहलीच्या माहितीपत्रकात ती लिहिलेली असावी. बसमध्ये पहिल्यांदा ऐकणारा माणूस घाबरतो. घरी वाचून आलेला फक्त कंटाळतो.

कंपनीने पुढच्या सहलीचे वार बदलले. मेक्सिको सिटीतला सोमवार तेओतिवाकानला दिला, कारण संग्रहालयं बंद असतात पण ते उघडं असतं. पुएब्ला ते ओआहाका प्रवास गुरुवारी आणला. शुक्रवारी संग्रहालय, शनिवारी मोंते अल्बान, रविवारी त्लाकोलुला आणि मित्ला. गुरुवारी रस्ता बंद झालाच तर संग्रहालयासाठी शुक्रवार आणि शनिवार असे दोन दिवस हाताशी राहतात. मेक्सिकन गाइड आता नेमाने ओआहाकापर्यंत सोबत येतो, आणि नोचिस्त्लानच्या खाणावळीला गट निघायच्या आदल्या दिवशी शाकाहारी माणसांची संख्या कळवली जाते, गट तिथे थांबो वा न थांबो.